बाराव्या गड्याचा मान

"मामा, खाली बसायचं नाही."

भाच्यानं दंडाला धरून मला दुसऱ्यांदा उठवलं, तेव्हा सामना सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. टेक्सास राज्यातलं कॉलेज स्टेशन नावाचं गाव. तिथल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं काइल फील्ड हे मैदान. शनिवारची दुपार आणि भोवती लाखाच्या वर माणसं. भाचा तिथं पीएच.डी. करतो. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्यानं खटपट करून मला विद्यार्थ्यांच्या बाजूला आपल्या शेजारी जागा मिळवून दिली होती. मागे चांगली बाकं होती. पण हजारो मुलं-मुली त्या बाकांकडे पाठ करून उभी होती. पस्तीस वर्षं बँकेच्या खुर्चीत काढलेल्या माझ्या गुडघ्यांना हा प्रकार मानवणारा नव्हता.

"अरे, पण का?" मी विचारलं.

"कुणाला आत बोलावतील सांगता येत नाही. तयार असलेलं बरं."

मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. पण त्याचा चेहरा गंभीर होता. मध्यंतरात त्यानं जी हकिकत सांगितली, ती ऐकल्यावर उरलेला वेळ मी बिनतक्रार उभा राहिलो. मग घरी परतल्यावर या विषयावर जे हाती लागलं ते वाचत गेलो. त्यातलं काही आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड गाद्या आणि एकमेकांवर बैलांसारखी झेप घेणारे अकरा-अकरा जण. तिथं विद्यापीठांचे सामने म्हणजे आपल्याकडच्या जत्राच. पिढ्यान्‌पिढ्या एकेका विद्यापीठाशी बांधलेली घराणी असतात. आणि या विद्यापीठांनी आपापल्या मानाच्या रीती जपलेल्या आहेत. कुठे एखादा आकडा, कुठे एखादा सदरा, कुठे हेल्मेटवर चिकटवायचं पान. वस्तू चार आण्यांची; पण ती विकत मिळत नाही, वशिल्यानं मिळत नाही. कमवावी लागते.

टेक्सासमधली रीत सुरू झाली ती २ जानेवारी १९२२ या दिवशी. डॅलस शहरात ए अँड एमचा सामना सेंटर कॉलेजशी होता. सेंटर म्हणजे लहानसं कॉलेज. पण त्याच हंगामात त्यांनी बलाढ्य हार्वर्डला ६-० असं हरवून देशभर खळबळ उडवून दिली होती. सामना सुरू झाला आणि ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होऊ लागले. बदली खेळाडूंचं बाक रिकामं होत चाललं. प्रशिक्षक डेना बायबल यांना आठवण झाली ती ई. किंग गिल या मुलाची. गिल त्या हंगामात संघात होता. पण पुढे बास्केटबॉल खेळायचं म्हणून त्यानं फुटबॉल सोडला होता. त्या दिवशी तो वर पत्रकारांच्या कक्षात बसून कोणता खेळाडू कोण, ते वार्ताहरांना सांगत होता. बायबलनी त्याला खाली बोलावलं. प्रेक्षकांच्या बाकांखाली आडोसा करून गिलनं एका जखमी खेळाडूचे कपडे अंगावर चढवले आणि मैदानाच्या कडेला येऊन तो उभा राहिला.

पुढे काय झालं? काहीच नाही. त्याला आत बोलवावं लागलं नाही. ए अँड एमनं सामना २२-१४ असा जिंकला, आणि सामना संपला तेव्हा गिल जिथं उभा होता तिथंच उभा होता. मोठेपणी डॉक्टर झालेल्या गिलनं पुढे स्वतःच कबूल केलं की, आत जाऊन विजयी गुण मिळवल्याचं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी केवळ गरज पडलीच तर असावं म्हणून उभा होतो.

आज त्याचा पुतळा मैदानाबाहेर उभा आहे, आणि आत विद्यार्थी अख्खा सामना उभ्यानं बघतात. आम्ही सगळे बारावे गडी आहोत, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याला बारावा गडी माहीत आहे तो क्रिकेटमधला. पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणारा, कुणाचा हातमोजा बदलून देणारा. धावफलकावर त्याचं नाव नसतं. घरी आल्यावर आई विचारते, "खेळलास का?" आणि तो म्हणतो, "नाही, बारावा होतो." त्या 'नाही'मध्ये एक लाज असते. गिलची गोष्ट ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, या लोकांनी त्या 'नाही'चाच बहुमान केला आहे.

बरं, नुसता पुतळा उभारून ते थांबले नाहीत. १९८३ साली जॅकी शेरिल या प्रशिक्षकांनी साध्या विद्यार्थ्यांना हाक दिली. ज्यांना शिष्यवृत्ती नाही, ज्यांना कुणी बोलावून आणलेलं नाही, अशांनी चाचणीला यावं. तिकडे अशा खेळाडूला 'वॉक-ऑन' म्हणतात. आपल्या पायांनी चालत आलेला, असं म्हणू या. दोनशेहून अधिक विद्यार्थी आले. त्यातून निवडलेल्यांची एक तुकडी उभी राहिली. सामन्याच्या आरंभी चेंडू दूर मारला की तो झेलणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर सुसाट धावून जायचं, हे तिचं काम. खेळातलं हे सर्वांत धोक्याचं काम, आणि ते करणार कोण, तर ज्यांना एक डॉलरही मिळत नव्हता ते. पुढे शेरिल यांच्यानंतरचे प्रशिक्षक आर. सी. स्लोकम यांच्या काळात तुकडीऐवजी एकच मुलगा राहिला. १२ आकड्याचा सदरा त्याचा. कष्ट आणि वर्तन पाहून तो एका वॉक-ऑनला द्यायचा, अशी ती रीत आहे.

अशा रीती इतर विद्यापीठांतही आहेत. नेब्रास्काची गोष्ट घ्या. १९६४ साली खेळाडू हवे तितके बदलता येतील असा नियम झाला, आणि चढाईचे व बचावाचे गडी वेगळे झाले. सरावात ते वेगळे ओळखू यावेत म्हणून बॉब डिव्हेनी या प्रशिक्षकांच्या एका सहायकाला गावातल्या दुकानात पिटाळलं. दुकानात न खपलेले काळे सदरे पडून होते, ते स्वस्तात मिळाले. एवढाच त्यांचा जन्म. पण ते द्यायचे कसे, तर सरावातली कामगिरी बघून. आज तुझ्या अंगावर काळा सदरा आहे. आज कसूर केलीस तर उद्या तो दुसऱ्याच्या अंगावर. बघता बघता त्या स्वस्तातल्या कापडाला अशी किंमत आली की बचावाच्या गड्यांना सारं राज्य 'काळे सदरे' म्हणून ओळखू लागलं. २००८ साली आलेल्या नव्या प्रशिक्षकांनी हंगामातले बरेच सामने होऊन गेले तरी ते कुणालाच दिले नाहीत. म्हणाले, अजून कमावलेले नाहीत. मुलं चिडली नसतील असं नाही. पण जेव्हा ते मिळाले, तेव्हा त्यांचं वजन वाढलेलं होतं.

ओहायो स्टेट विद्यापीठात ही भूमिका एका पानाकडे आहे. बकाय हे त्या राज्याचं झाड. १९६८ पासून, वुडी हेज प्रशिक्षक असताना, चांगली कामगिरी करणाऱ्याच्या हेल्मेटवर या पानाचं चित्र चिकटवायला सुरुवात झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला. हंगामाच्या अखेरीस चांगल्या खेळाडूचं हेल्मेट पानांनी भरून जातं. २००१ साली जिम ट्रेसेल आले आणि त्यांनी रीत बदलली. एकट्याच्या करामतीपेक्षा साऱ्या तुकडीच्या, संघाच्या कामगिरीवर त्यांनी भर दिला. एकाला शेजाऱ्यापेक्षा जास्त पानं हवीशी वाटू लागली की खेळ बिघडतो, हे ओळखल्याशिवाय कुणी असा बदल करत नाही.

मी बँकेतला माणूस. मला यात नोटा छापण्याचं शास्त्र दिसतं. चलनाची किंमत कागदात नसते. छापणाऱ्याच्या संयमात असते. वाट्टेल तेवढ्या छापल्या की पोतंभर नोटा देऊन शेरभर तांदूळ मिळायची वेळ येते. मानाचंही तसंच आहे. देणाऱ्याच्या हाताला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, तरच त्याच्या 'हो'ला भाव.

नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मला बँकेकडून चांदीचं नाणं मिळालं. मखमलीची डबी, वर बँकेचं चिन्ह. पंचवीस वर्षं झालेल्या प्रत्येकाला मिळालं. दोनदा निलंबित होऊन आलेल्या सहकाऱ्यालाही मिळालं, आणि आयुष्यात एकदाही हिशेब न चुकलेल्या बाईंनाही मिळालं. नाणं खोटं नव्हतं, चांदीही अस्सल होती. पण ते कॅलेंडरनं दिलं होतं, माणसांनी नव्हे. ती डबी आज घरात कुठं आहे, हे मला विचारू नका.

आता एक अशी गोष्ट सांगतो की जिच्यात मानाबरोबर दुःखही येतं. मिसिसिपी विद्यापीठाचा चकी मलिन्स हा कृष्णवर्णीय मुलगा ३८ आकड्याचा सदरा घालून खेळायचा. २८ ऑक्टोबर १९८९ रोजी व्हँडरबिल्टविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला अडवताना त्याच्या मानेला मार बसला आणि मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. हे तेच विद्यापीठ, जिथं १९६२ साली जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल होऊन दोघांचे प्राण गेले होते. तिथंच, सत्तावीस वर्षांनंतर, गोऱ्या-काळ्या लोकांनी मिळून चकीसाठी मोठा निधी उभा केला. चाकाच्या खुर्चीत बसून तो पुन्हा वर्गात आला. पण ६ मे १९९१ रोजी तो गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

१९९० पासून त्याच्या नावानं दरवर्षी बचावाच्या एका खेळाडूला धैर्याचा पुरस्कार देतात. मधली काही वर्षं सोडली, तर तो ३८ हा आकडाही त्या खेळाडूच्या पाठीवर जातो. विचार करा, वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या पाठीवर तो आकडा येतो तेव्हा त्याला काय मिळतं? बक्षीस म्हणावं, तर ते एका अपुऱ्या आयुष्याचं ओझं आहे. आणि ज्या प्रतिस्पर्ध्याला अडवताना चकी पडला, तो अनेक वर्षं चकीच्या थडग्याची देखभाल करायला जात राहिला. त्याला कुणी पुरस्कार दिलेला नव्हता. माझ्या लेखी मात्र त्याचाही त्या ३८ आकड्यात वाटा आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं गोड आहे. पण या खेळात पैसा केवढा आहे, तो कुणाच्या खिशात जातो? प्रश्न रास्त आहे, आणि टाळून चालणार नाही.

ओहायो स्टेटचीच आणखी एक रीत आहे. मिशिगन हा त्यांचा पिढीजात प्रतिस्पर्धी. १९३४ साली प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट मिशिगनबद्दल बोलताना म्हणाले की, तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालूनच विजार चढवतात. त्या वर्षापासून मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला विजारीच्या आकाराचं सोन्याचं छोटं पदक मिळतं. तर २०१० साली उघडकीला आलं की, काही खेळाडूंनी ही पदकं, अंगठ्या आणि अशाच मानाच्या वस्तू विकल्या. काहींनी त्या बदल्यात अंगावर गोंदवून घेतलं. गहजब झाला. पाच जणांना पुढल्या हंगामातल्या पाच सामन्यांसाठी बसवलं. हे आधीच ठाऊक असून वर कळवलं नाही म्हणून ट्रेसेल यांना २०११ च्या मे महिन्यात पद सोडावं लागलं. पानांचा नियम बदलणारे तेच हे ट्रेसेल.

मानाची वस्तू विकली म्हणून मला आधी राग आला. मग वाचलं की, घरच्यांना मदत व्हावी म्हणून मुलांनी हे केलं असं विद्यापीठाच्या वतीनंच सांगितलं गेलं होतं. प्रशिक्षकाला वर्षाला लाखो डॉलर पगार, मैदानात लाखभर लोक तिकीट काढून बसलेले, आणि ज्यांच्यासाठी ते येतात त्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे एक पै घ्यायला बंदी. कर्जाच्या खिडकीवर बसून मी किती बायकांची मंगळसूत्रं तारण घेतली आहेत! त्यातल्या एकीनंही सौभाग्याचा अपमान केला असं मला कधी वाटलं नाही. वस्तू गहाण पडते तेव्हा आधी घरातला ओढग्रस्तीचा ताळेबंद बघावा.

सन्मान हा पगाराऐवजी द्यायची गोष्ट नव्हे. जिथं पैसे देणं लागत होतं तिथं पदक दिलं, तर एक ना एक दिवस ते पदक मोडीत जाणारच. अमेरिकेला हे उशिरा कळलं. १ जुलै २०२१ पासून विद्यापीठातल्या खेळाडूंना आपल्या नावाच्या, चेहऱ्याच्या जाहिरातींतून पैसे मिळवायची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता थेट खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. न्याय झाला, असंच मी म्हणेन.

पण त्याच तडजोडीत एक कलम आहे. ती मान्य करणाऱ्या विद्यापीठांनी फुटबॉल संघात एकशेपाचहून अधिक खेळाडू ठेवायचे नाहीत. पूर्वी शिष्यवृत्त्यांवर पंच्याऐंशीची मर्यादा होती. पण आपल्या पायांनी चालत आलेले बिनपैशाचे गडी त्याखेरीज कितीतरी असायचे. आता हिशेबात न बसणारे तेच. बऱ्याच मुलांच्या जागा जाणार असं दिसल्यावर न्यायाधीशबाईंनी तडजोड अडवून धरली आणि त्या वेळी संघात असलेल्यांसाठी सवलतीची वाट काढायला लावली. पण उद्या येणाऱ्यांचं काय? भाच्यानं फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "मामा, बाराव्या गड्याचा आकडा राहील हो. पण चालत येणाऱ्याला दार उघडं राहील का?"

विद्यापीठानं १९९० मध्ये 'बारावा गडी' या शब्दांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून घेतली आहे. सिएटलच्या व्यावसायिक संघानं ते शब्द वापरले म्हणून २००६ साली त्याच्यावर दावा लावला, आणि पुढे पैसे घेऊन परवानगी दिली. शब्दांची नोंदणी करता येते. गिलच्या उभं राहण्याची कशी करणार?

मला वाटतं, इथं दोन खाती आहेत. एक पैशाचं, एक मानाचं. दोन्हींत जमा असावी. पण एकातली शिल्लक दुसऱ्यात वर्ग करता येत नाही. पैशाच्या खात्यात देणं असेल तर ते पैशानंच फेडावं. आणि मानाच्या खात्यात कितीही पैसे भरले तरी ते जमा होत नाहीत, कारण त्या खात्याची पासबुकं दुसऱ्यांच्या मनात असतात.

त्या दिवशी काइल फील्डवर मी १२ आकड्याचा मुलगा पाहिला. चेंडू मारला गेला तसा तो बाणासारखा सुटला. अख्खं मैदान ओरडत होतं. पण चेंडू इतका लांब गेला की पलीकडच्या गड्यानं तो खेळायलाच घेतला नाही. मुलगा शेवटपर्यंत धावला, थांबला, वळला आणि हलक्या पावलांनी परत आला. त्याला करायला काही उरलंच नव्हतं. माझ्या आजूबाजूची मुलं मात्र तो बाहेर येईपर्यंत टाळ्या वाजवत होती.

तेव्हा मला आमचे हेड कॅशियर आठवले. कोकणातली शाखा, साल १९८८ असेल. बँकेची तिजोरीची खोली दोन किल्ल्यांनी उघडते. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. एक माणूस आला नाही तर त्या दिवशी रोकड नाही. जुलैतल्या एका सकाळी नदीचं पाणी पुलावर आलं. एस.टी. बंद. पलीकडच्या गावात राहणारे आमचे हेड कॅशियर वरच्या अंगाच्या दुसऱ्या पुलावरून वळसा घालून, गुडघाभर चिखलातून तीन तास चालत आले. दहाला पाच मिनिटं कमी असताना शर्टाच्या आतून त्यांनी किल्ली काढली. आम्ही तिजोरी उघडली. दिवसभरात सहा ग्राहक आले, तेही पासबुक भरून घ्यायला. रोकड कुणी मागितलीच नाही. संध्याकाळी त्यांनी ती मोजली, होती तेवढीच होती, आणि तिजोरी बंद केली.

त्यांना कधी पदक मिळालं नाही. निवृत्तीनंतर दर महिन्याच्या सुरुवातीला ते पेन्शन घ्यायला शाखेत येत. तोपर्यंत शाखेत नवी मुलं आली होती, ज्यांनी तो पावसाळा पाहिला नव्हता. दारात त्यांची छत्री दिसली की आम्ही जुने लोक उठून उभे राहायचो. आम्ही उठलो की ती मुलंही उठायची. उठा, असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.